दुपारी तीनची कॉफी रात्री एक वाजता कुठे असते?



आपल्या मराठी घरांत रोजचा मान चहाचा. कॉफी व्हायची ती पाहुणे आले म्हणून, नाहीतर दहावी-बारावीच्या अभ्यासाला जागायचं म्हणून. दुधात उकळलेली, चांगली गोड, वर जायफळ किसलेलं. विदर्भातलं चिखलदरा सोडलं तर महाराष्ट्रात कॉफीची लागवडही जवळपास नाही. आणि मग आपण नोकरीसाठी इथे बे एरियात येतो. ऑफिसात शिरलं की समोर कॉफीचं मशीन, कुणाला भेटायचं तर ‘कॉफी घेऊ या’, गाडीतही कप ठेवायला खास जागा. चार-पाच वर्षांत आपण पक्के कॉफीवाले होतो. मग भारतातून आलेले सासू-सासरे किंवा आई-बाबा दिवसभर आपल्या हातातले कप मोजतात आणि काळजीने विचारतात, ‘अगं, एवढी कॉफी बरी का?’

आज त्याबद्दलच बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. मी आयटीत कन्सल्टंट आहे, त्याआधी एमबीए केलं, त्यामुळे माझं लक्ष आधी आकड्यांकडे जातं. कॉफीच्या बाबतीत आकडे थोडे आणि सोपे आहेत. ते वाचल्यावर ‘कॉफी चांगली की वाईट’ हा प्रश्नच मला फारसा कामाचा वाटेनासा झाला. किती वाजता प्यायली आणि कप केवढा होता, हे विचारलं तर जास्त उपयोगाचं उत्तर मिळतं.

पण आधी त्या पाटीचा विषय संपवू. कॅलिफोर्नियात बरीच वर्षं राहिलेल्यांना आठवत असेल, इथल्या कॉफीच्या दुकानांत कर्करोगाचा इशारा देणारी पाटी लागायची. कॉफीच्या बिया भाजताना अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन थोडंसं तयार होतं. बटाट्याचे वेफर्स तळताना, पाव भाजतानाही होतं. १९८६ च्या प्रपोझिशन ६५ या कायद्याच्या यादीत ते रसायन आहे, म्हणून खटला झाला आणि २०१८ मध्ये इथल्या न्यायाधीशांनी पाटी लावावी लागेल असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, राज्य सरकारने नियम करून कॉफीला त्यातून वगळलं, कारण कॉफी पिण्याने कर्करोगाचा धोका लक्षणीय वाढतो असा पुरावा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही १९९१ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीत बसवलं होतं आणि २०१६ मध्ये त्या यादीतून बाहेर काढलं. मात्र त्याच वेळी त्यांनी एक वेगळी गोष्ट नोंदवली: ६५ अंश सेल्सिअसच्या वरचं, म्हणजे जीभ पोळेल इतकं गरम कुठलंही पेय सतत पिणं अन्ननलिकेला बहुधा घातक आहे. मग ती कॉफी असो, चहा असो की नुसतं पाणी. बशीत ओतून, फुंकर मारून पिणारे आपले आजोबा काही चुकत नव्हते म्हणायचे.

आता मुख्य गोष्ट. कॉफीने ‘एनर्जी’ येते असं आपण म्हणतो, पण कॅफीनमध्ये शक्ती अशी काही नसते. आपण सकाळी उठल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. मेंदूत त्याच्या ठरलेल्या जागा असतात. तिथे ते जाऊन बसलं की मेंदूला निरोप मिळतो, आता थकलोय, झोपायला हवं. जितका वेळ जागं राहावं तितकं अ‍ॅडेनोसिन जास्त, तितकी पेंग जास्त. कॅफीनची ठेवण या अ‍ॅडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की ते त्याच्या जागांवर जाऊन बसतं. एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं. खरा प्रवासी उभाच राहतो. तो उतरून गेलेला नाही, गर्दीही कमी झालेली नाही, फक्त त्याला बसायला जागा नाही. काही तासांनी रुमाल उचलले जातात आणि ताटकळलेले सगळे प्रवासी एकदम बसतात. संध्याकाळी अचानक गळून गेल्यासारखं होतं त्यात याचाही वाटा असतो. कॉफीने झोपेचं देणं फिटत नाही, हप्ता तेवढा पुढे जातो.

मग हे रुमाल किती वेळ राहतात? इथे मला माझा अकाउंटन्सीचा तास आठवतो. घसाऱ्याची एक पद्धत असते, ज्यात दर वर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के घट धरतात. किंमत झपाट्याने उतरते पण शून्य लवकर होत नाही. शरीरातल्या कॅफीनचं तसंच आहे. साधारण दर पाच तासांनी ते निम्मं होतं. समजा तुम्ही दुपारी तीन वाजता दुकानातला सोळा औंसांचा कप घेतला. त्यात तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं. रात्री आठला त्यातलं दीडशे उरलं. रात्री एकला पंच्याहत्तर. इन्स्टंट कॉफीच्या एका कपात साधारण साठ मिलिग्रॅम असतं. म्हणजे रात्री एक वाजता, तुम्ही गाढ झोपलेले असायला हवं तेव्हा, एक कप कॉफी नुकतीच प्यायल्याइतकं कॅफीन तुमच्या अंगात फिरतंय.

२०१३ मध्ये डेट्रॉइटच्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. अभ्यास लहान, बारा माणसांचाच, पण घरच्या पलंगावर, झोप मोजणारं यंत्र लावून केलेला. त्यांना चारशे मिलिग्रॅम कॅफीन झोपायच्या वेळेला, कधी तीन तास आधी, तर कधी सहा तास आधी दिलं. सहा तास आधी दिलं तेव्हासुद्धा झोप एका तासापेक्षा जास्त कमी झाली. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते हे, की यंत्रात दिसलेली ही घट लोकांच्या स्वतःच्या नोंदींत तेवढी ठळकपणे उतरली नव्हती. आपल्याला वाटतं, झोपलो की छान. म्हणून ‘मला कॉफीने काही होत नाही, मी रात्री दहाला पितो आणि साडेदहाला घोरतो’ असं सांगणाऱ्यांवर मी फार विश्वास ठेवत नाही. डोळा लागणं वेगळं आणि गाढ झोप वेगळी. कॅफीन अंगात असताना डोळा लागला तरी गाढ झोपेचा भाग कमी होतो, आणि सकाळी उठल्यावर शिळं-शिळं वाटतं. त्यावर उपाय म्हणून आपण काय करतो? कॉफी पितो.

आपल्यातल्या आयटीवाल्यांना हे जास्त लागू आहे. उन्हाळ्यात इथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेनऊ झालेले असतात. तिकडची टीम आंघोळ-नाश्ता करून ताजीतवानी, आणि इकडे आपण दिवसभर काम करून, मुलांना झोपवून लॅपटॉप उघडलेला. मग साडेआठला एक कप. साध्या आठ औंसांच्या कपात पंच्याण्णव मिलिग्रॅम धरा, तर रात्री दीडला त्यातलं निम्मं, म्हणजे एका कप काळ्या चहाएवढं उरतं. आठवड्यातून एकदा असेल तर सोडून द्या. पण आठवड्यात चार-चार कॉल असणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांचा प्रश्न कॉफीचा नाहीच, कॉलच्या वेळेचा आहे. बैठकीची वेळ आळीपाळीने बदलावी, एक आठवडा आपण जागावं, एक आठवडा त्यांनी लवकर उठावं, हे मॅनेजरशी बोलायला अवघड वाटतं म्हणून आपण ते ओझं कॉफीवर टाकतो. ज्यांना वेळ बदलून मिळणं शक्यच नाही त्यांनी निदान संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास वीस मिनिटं डोळे मिटून पडावं. कॉल संपल्यावर ते फार महागात पडत नाही.

पाच तास ही सरासरी झाली. माणसामाणसांत हा काळ दोन तासांपासून नऊ-दहा तासांपर्यंत बदलतो. यकृतातलं एक एन्झाइम कॅफीनचा निकाल लावतं आणि ते कुणाचं चपळ, कुणाचं संथ, हे बऱ्याच अंशी जन्मजात असतं. सिगारेट ओढणाऱ्यांत ते जवळपास दुप्पट वेगाने चालतं. म्हणून कुणी सिगारेट सोडली आणि कॉफी तेवढीच ठेवली, तर त्याच कॉफीने हात थरथरायला, छातीत धडधडायला लागतं, आणि बिचाऱ्याला वाटतं की सिगारेट सोडल्याचाच हा त्रास आहे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत कॅफीन सुमारे दुप्पट वेळ टिकतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर पंधरा-पंधरा तास. बाळाला ते कॅफीन निकालात काढायची सोयच नसते. इथली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना गरोदर स्त्रियांना दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते, आणि त्यात चहा, कोला, चॉकलेट सगळं धरायचं. दुकानातला तो एक सोळा औंसांचा कप ही मर्यादा एकट्याने ओलांडतो.

तर आता कपाचं माप. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन साधारणपणे चालतं असं अमेरिकेची एफडीए म्हणते. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेचं २०१५ चं मतही तेच, आणि एका वेळी २०० च्या वर जाऊ नये असंही त्यांनी सांगितलंय. आता वर्तमानपत्रात बातमी येते, ‘चार कप कॉफी सुरक्षित’. हा चार कपांचा हिशोब आठ औंसांच्या कपाचा आहे. इथल्या दुकानात आठ औंस हे माप फलकावर बहुतेक दिसतच नाही. बारा, सोळा, वीस, अशी चढती भाजणी. वीस औंसांचा एक कप घेतला की दिवसाचा कोटा संपत आला. रंगावरही जाऊ नका. जास्त भाजलेली काळीकुट्ट कॉफी चवीला कडक असते, कॅफीन तिच्यात जास्त नसतं. बी कुठल्या जातीचं यावर ते जास्त अवलंबून. रोबस्टा जातीत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं आणि भारतात पिकणारी बरीचशी कॉफी रोबस्टा आहे. पण आपण भारतातून बॅगेत भरून आणतो त्या पाकिटांत बऱ्याचदा चिकोरी मिसळलेली असते, आणि चिकोरीत कॅफीन अजिबात नसतं. पाकिटावर प्रमाण लिहिलेलं असतं, एकदा वाचून बघा.

कॅफीनपेक्षाही मला चिंता वाटते ती कपातल्या साखरेची. सरबतासारखी पाकं घातलेली, वर क्रीमचा डोंगर असलेली थंड कॉफी घेतली तर त्यात चाळीस-पन्नास ग्रॅम साखर सहज निघते. त्यात थोडी दुधाची नैसर्गिक साखर असते, पण बाकीची वरून घातलेली. चहाचा चमचा चार ग्रॅमचा धरा: दहा-बारा चमचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते वरून घातलेली साखर बायकांनी दिवसभरात पंचवीस ग्रॅमच्या आत आणि पुरुषांनी छत्तिसाच्या आत ठेवावी. आपल्या लोकांना मधुमेह तुलनेने कमी वजनावरच गाठतो. इथले मधुमेहतज्ज्ञ इतरांची तपासणी बीएमआय पंचवीसला सुचवतात, पण आशियाई लोकांची तेवीसलाच. आजीच्या जायफळाच्या कॉफीत दोन चमचे साखर असायची, ती आता सात्त्विक वाटायला लागली आहे.

आता चांगली बाजू. ती खरंच चांगली आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये कॉफीवरच्या दोनशेहून अधिक एकत्रित विश्लेषणांचा आढावा घेतला. दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचं प्रमाण, हृदयविकार, यकृताचे आजार, मधुमेह हे सगळं न पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. मधुमेहाच्या बाबतीत डिकॅफ पिणाऱ्यांतही फायदा दिसतो, म्हणजे तो कॅफीनचा नसून कॉफीतल्या इतर शेकडो द्रव्यांचा असावा. पण हे बहुतेक अभ्यास लोकांच्या सवयी नोंदवून, पुढे काय झालं ते पाहणारे आहेत. आमच्या धंद्यात पहिल्याच महिन्यात शिकवतात की दोन आलेख बरोबर वर जातात म्हणून एकामुळे दुसरा वर गेला असं होत नाही. उलट्या दिशेने हीच चूक आधी झाली होती: जुन्या अभ्यासांत कॉफी पिणाऱ्यांना जास्त आजार दिसायचे, आणि मग लक्षात आलं की त्या काळी कॉफी पिणारे सिगारेटही जास्त ओढायचे. शिवाय ज्याला आधीच बरं नाही तो कॉफी सोडतो, आणि मग न पिणाऱ्यांच्या रांगेत आजारी माणसं वाढतात. त्यामुळे माझं मत असं: पीत असाल तर अपराधी वाटून घेऊ नका, पण पीत नसाल तर तब्येतीसाठी म्हणून सुरू करायचं काही कारण नाही.

वेळेचा मुद्दा इथेही डोकावतो. जानेवारी २०२५ मध्ये टुलेन विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे चाळीस हजार अमेरिकन प्रौढांच्या नोंदी तपासून लिहिलं की फक्त सकाळी, म्हणजे दुपारी बाराच्या आत कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा सोळा टक्के कमी दिसला. दिवसभर पीत राहणाऱ्यांत असा फरक दिसला नाही. हाही नोंदींचाच अभ्यास, तेव्हा वरची शंका त्यालाही लागू. पण झोपेचं जे आत्ता बोललो त्याच्याशी तो जुळतो.

आता काही गोष्टी खास आपल्या घरांसाठी.

जेवण झालं की लगेच चहा किंवा कॉफी, ही आपली लाडकी सवय. पालेभाज्या, कडधान्यं, नाचणी यांतलं लोह शरीरात शिरायला मुळातच कष्ट घेतं आणि कॉफीतली द्रव्यं त्याला आतड्यात पकडून ठेवतात. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणाबरोबर कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी एक तास कॉफी घेतली तर काही फरक पडला नाही. पण जेवणानंतर तासाभराने घेतली तरी तेवढंच नुकसान झालं. ज्यांचं हिमोग्लोबिन कायम कमी येतं, विशेषतः आपल्या शाकाहारी बायका आणि वयात आलेल्या मुली, त्यांनी कॉफीचा आणि लोहाच्या गोळीचा वेळ लांब-लांब ठेवावा. गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या, ते शोषणाला मदतच करतं.

थायरॉइडची गोळी कितीतरी घरांत असते. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफीला किमान अर्धा ते एक तास थांबायचं. गोळी कॉफीच्या घोटाबरोबर गिळली तर ती नीट शोषली जात नाही, मग रक्ततपासणीत आकडा बिघडलेला दिसतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांचं वेळापत्रक जेट लॅगने उलटंपालटं झालेलं असतं, पहाटे तीनला उठून चहा-कॉफी सुरू असते. त्यांच्या गोळ्यांच्या डबीकडे त्या पहिल्या आठवड्यात जरा लक्ष ठेवा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर कॅफीन अंगात बराच जास्त वेळ राहतं, तेवढे दिवस कॉफी कमी करावी. आणि घरी रक्तदाब मोजायचा असेल तर आधीचा अर्धा तास कॉफी नको. कॅफीनने थोड्या वेळापुरता दाब चढतो आणि वहीत उगाच मोठा आकडा लिहिला जातो.

कोलेस्टेरॉल जास्त असेल तर कॉफी कशी बनवता ते बघा. कॉफीच्या बियांतल्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी फिल्टर ते अडवतो. पूड नुसती उकळून केलेल्या, तुर्की पद्धतीच्या किंवा फ्रेंच प्रेसमधल्या कॉफीत ते भरपूर उतरतं. इन्स्टंटमध्ये जवळपास नसतं. म्हणजे काचेचं महागडं फ्रेंच प्रेस कपाटात ठेवून साधं कागदी गाळणीचं यंत्र वापरणं, एवढाच बदल.

शेवटी, कमी करायची असेल तर. एकादशीला किंवा चतुर्थीला काही जण कॉफीही वर्ज्य करतात आणि दुपारपासून डोकं ठणकायला लागतं. आपण म्हणतो, पित्त झालं. पुष्कळदा ते कॅफीन तुटल्याचं दुखणं असतं. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत कळस गाठतं आणि आठवडाभर रेंगाळू शकतं. २०१३ पासून मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत त्याला स्वतःचं नाव आहे. त्यामुळे एक जानेवारीला कॉफी एकदम बंद, असा संकल्प करू नका. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करा, किंवा पुडीत डिकॅफ मिसळत जा. दुपारनंतरचा कप आधी सोडा, सकाळचा सर्वांत शेवटी. डिकॅफमध्येही आठ औंसांमागे दोन ते पंधरा मिलिग्रॅम कॅफीन असतंच, पण तेवढ्याने कुणाची झोप सहसा उडत नाही. आणि डोकेदुखीवर दुकानातून आणलेली गोळी घेण्याआधी डबीवरचं लेबल वाचा. एक्सेड्रिनसारख्या गोळीत ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, आणि एका वेळच्या दोन गोळ्या म्हणजे १३०. त्या रात्री दहाला घेतल्या तर कॉफी सोडूनही तुम्ही जागेच राहाल.